‘हे बिघडलंय का?’ : जड संगीत आणि सिनेमाबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीसेक वर्षं जड संगीत, म्हणजे हेवी मेटल, ऐकतेय आणि त्याबद्दलचे तेच तेच प्रश्नही. आधी घरच्यांनी विचारले, मग सहकाऱ्यांनी, मग शेजाऱ्यांनी, आणि आता भाचरं मोठी झाली तर तीही विचारतात. प्रत्येक वेळी घसा कोरडा करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. उत्तरं माझी आहेत आणि एकतर्फी आहेत. मधूनच सिनेमे येतील. माझ्या डोक्यात ती दोन कपाटं एकाच भिंतीला लागून आहेत आणि मधली फळी केव्हाच पडली आहे.

हे गाणं आहे की मशीन बिघडलंय?

आईचा पहिला प्रश्न हाच होता. दाराआडून म्हणाली, “टेप अडकली वाटतं.”

तिचं चुकलं नव्हतं. गिटारचा आवाज अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, झेपेनासा झाला की ध्वनिलहरींची टोकं छाटली जातात, आणि त्या छाटण्यातून मुळात न वाजवलेले वरचे सूर उगवतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. अ‍ॅम्प बनवणाऱ्यांच्या लेखी हा दोष होता आणि तो टाळायला ते धडपडत. वाजवणाऱ्यांना मात्र तो आवडला. मग अ‍ॅम्प मुद्दाम फाडले गेले, स्पीकरच्या पडद्यांना भोकं पाडली गेली, शेवटी तो दोष पायाखालच्या छोट्या डबीत घालून विकायला आला. तेव्हा होय, बिघडलंय. मी ऐकते ते सगळंच या ना त्या अर्थाने बिघडलेलं आहे. कुठला बिघाड खरा आणि कुठला सोंगाचा, एवढ्याच एका गोष्टीवर माझी लोकांशी भांडणं होतात.

‘जड’ म्हणजे नक्की काय? मोठ्याने वाजवलं की जड होतं का?

नाही. लग्नाच्या वरातीचा बँडही मोठ्याने वाजतो.

जडपणाची गोष्ट एका अपघातापासून सांगावी लागते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यांवर चामडं चिकटवलं आणि हलक्या, पातळ तारा लावल्या. पुढे तारा आणखी सैल केल्या. १९७१च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची गिटार तीन अर्धस्वर खाली उतरली होती. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी सुमारे ८२ हर्ट्झला वाजते, ती आता ६९च्या आसपास आली. सैल तार छेडली की जरा लोंबते, उशिरा सावरते. ते लोंबणं ऐकू येतं. माझ्यासाठी जडपणा तिथून सुरू होतो.

त्यात दोन गोष्टी आणखी मिसळा. डिस्टॉर्शनमधून पूर्ण कॉर्ड (एकत्र छेडलेले तीन-चार सूर) वाजवला तर सूर एकमेकांत कालवून चिखल होतो, म्हणून फक्त षड्ज आणि पंचम वाजवायचे. एवढे दोनच सूर तो मारा सहन करतात, आणि त्यामुळे आवाज भिंतीसारखा सपाट आणि रुंद होतो. दुसरी गोष्ट तीव्र मध्यम. १३ फेब्रुवारी १९७० रोजी (शुक्रवार होता, अर्थातच) त्यांचा पहिला अल्बम आला. त्यातलं पहिलं गाणं म्हणजे सा, वरचा सा आणि तीव्र म. बस्स. पाऊस, घंटा आणि हे तीन सूर. स्वयंपाकघरात पेटीवर वाजवून बघा, अंगावर काटा येतो की नाही ते.

आणि नाव? बँडचं आधीचं नाव ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी. सरावाच्या जागेसमोरच्या थिएटरात मारिओ बाव्हाच्या १९६३च्या भयपटाला रांग लागलेली दिसली, आणि स्वतःच्या खिशातले पैसे देऊन लोक घाबरायला जातात याचं त्यांना नवल वाटलं. त्या सिनेमाचं इंग्रजी नाव त्यांनी उचललं. म्हणजे या संगीताची पहिली तारीखच सिनेमाच्या तिकीटखिडकीसमोर पडलेली आहे. मी दोन्ही विषय एकत्र का करते, असं परत विचारू नका.

मग जितकं वेगवान तितकं जड, असं नाही?

वेग आणि जडपणा यांचा काही संबंध नाही. उलट बहुतेक वेगवान बँड माझ्या कानांवरून घसरून जातात. उथळ पाण्याला खळखळाट फार.

अपवाद आहेत. ‘नेपाम डेथ’चा १९८७चा ‘स्कम’ घ्या. साधारण ३३ मिनिटांत २८ गाणी. त्यातलं एक गाणं १.३१६ सेकंदांचं आहे आणि जगातलं सर्वांत छोटं गाणं म्हणून गिनेस बुकात गेलेलं आहे. रेकॉर्डची पहिली बाजू वाजवणारी मंडळी आणि दुसरी बाजू वाजवणारी मंडळी वेगळी. दोन्हीकडे कायम राहिला तो फक्त ड्रमर मिक हॅरिस. बँड सुटत असतानाच्या घाईचा आवाज त्या रेकॉर्डमध्ये आहे, म्हणून तिथे वेग मला पटतो. नुसती बोटांची कसरत असेल तर सर्कस बघितलेली बरी, तिथे निदान कुणी पडायची शक्यता असते.

रेकॉर्डिंग इतकं भिकार का असतं? पैसे नसतात का?

बऱ्याचदा नसतात. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून सावकाश सांगते.

नॉर्वेच्या ‘डार्कथ्रोन’चं उदाहरण मी नेहमी देते. त्यांचा पहिला अल्बम १९९१चा. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केलेला, नीटनेटका डेथ मेटल (मेटलचा गुरगुरत्या गळ्याचा प्रकार). म्हणजे ‘चांगलं’ कसं वाजवायचं आणि कुठे रेकॉर्ड करायचं, हे त्यांना व्यवस्थित माहीत होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते सगळं टाकून दिलं. १९९४चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ तर घरातल्या चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेला आहे. सगळी वाद्यं बँडमधल्या एकट्या फेनरिझने वाजवलेली, दुसऱ्या सदस्याने फक्त गायलेलं. ड्रमचा ठेका जवळजवळ बदलतच नाही. बास शोधावा लागतो. गिटार म्हणजे दूरवर कुणीतरी झाडू मारतंय असं वाटतं. पाच मिनिटं चिडून ऐकलं की सहाव्या मिनिटाला त्या खरखरीच्या आत एक सुरावट दिसू लागते, धुक्यातून घराचा कोपरा दिसावा तशी. स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये ती सुरावट पहिल्या सेकंदाला हातात आली असती आणि दुसऱ्या सेकंदाला विसरलीही असती.

स्वीडनमध्ये याच्या उलट झालं. तिथे ‘बॉस’ कंपनीचं एचएम-२ नावाचं पेडल होतं, साध्यासुध्या हेवी मेटलवाल्यांसाठी बनवलेलं. त्या पोरांनी त्याचे चारही नॉब शेवटपर्यंत फिरवले. कुठलाही शहाणा माणूस हे करत नाही, कारण मग गिटारसारखं काही ऐकू येत नाही, करवतीसारखं येतं. ‘एन्टूम्ड’चा १९९०चा ‘लेफ्ट हँड पाथ’ या करवतीवर उभा आहे. कंपनीने १९९१ साली ते पेडल बंद केलं, मग जुन्या पेडलांसाठी लोक एकमेकांच्या उरावर बसू लागले, आणि २०२० साली कंपनीला ते नव्याने काढावं लागलं. चुकीच्या वापरामुळे अमर झालेली दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही.

आता माझं भांडण. आज संगणकावर एक बटण दाबलं की ‘१९९३चा तळघरातला आवाज’ तयार मिळतो. हे म्हणजे नव्या कोऱ्या जीन्सला कारखान्यातच भोकं पाडण्यासारखं. सिनेमातही हेच चाललंय. डिजिटल कॅमेऱ्याने लख्ख चित्रण करायचं आणि वरून फिल्मचे ओरखडे, धूळ, दाणे शिंपडायचे. टोबी हूपरचा १९७४चा ‘टेक्सस चेन सॉ मॅसेकर’ १६ मिलिमीटरवर, भर उन्हाळ्यात, तुटपुंज्या पैशांत झाला. त्यातला घाम खरा, दाणे खरे. त्याचं संगीतही हूपर आणि वेन बेल यांनी धातूच्या वस्तू घासून, आपटून बनवलेलं, म्हणजे ते माझ्या कपाटातल्या कितीतरी रेकॉर्डचं थोरलं भावंड आहे. रक्त त्यात अगदी थोडं दिसतं. तरी बघणारे शपथेवर सांगतात की रक्ताचे पाट वाहत होते. तो खडबडीतपणा नंतर चिकटवून येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसऱ्या टोकाचा बिघाडही मला खपत नाही. ‘मेटॅलिका’चा २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबून-ठोसून मोठा केला होता की ऐकणाऱ्यांनी तक्रारी केल्या, आणि व्हिडिओ गेममध्ये आलेली त्याची आवृत्ती जास्त मोकळी वाजते हे लोकांनी दाखवून दिलं. खेळण्यातली आवृत्ती अल्बमपेक्षा बरी! यावर मी आणखी काही बोलत नाही.

‘भूमिगत’ संगीत म्हणजे नेमकं काय? कुणापासून लपायचंय?

कुणापासूनच नाही. दुकानात मिळत नव्हतं, एवढंच. ऐंशीच्या दशकात बँडांच्या डेमो (नमुन्याच्या) कॅसेट टपालाने फिरत. ब्राझीलचा मुलगा नॉर्वेच्या मुलाला कॅसेट पाठवायचा, तो तिची प्रत करून तिसऱ्याला. टपालखर्च परवडेना, म्हणून तिकिटावर गोंदाचा पातळ थर द्यायचे, म्हणजे शिक्का त्या थरावर बसायचा. पाकीट मिळालं की तिकीट धुऊन परत पाठवायचं. प्रतीची प्रत, तिची प्रत, असं करत पाचव्या हातात कॅसेट पोचेपर्यंत गाण्यापेक्षा खरखर जास्त. काही बँडची ‘धूसर शैली’ टपालखात्याने घडवली असावी असा मला दाट संशय आहे. पुरावा नाही, पण संशय जात नाही.

इथे मला मुर्नाऊचा १९२२चा ‘नोस्फेराटू’ आठवतो. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेता केलेला सिनेमा. लेखकाच्या विधवेने खटला जिंकला आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. तरी तो आज आपल्याला बघायला मिळतो, कारण काही प्रती आधीच इकडेतिकडे गेल्या होत्या. हुकूम पाळला गेला असता तर सिनेमाच्या इतिहासातली ती जिन्यावर चढणारी सावली राहिली नसती. खरखरीत, कितव्यांदा तरी काढलेल्या प्रतींबद्दल मला जी माया आहे ती या सावलीमुळे.

तुम्ही बाई असून हे ऐकता?

कान पुल्लिंगी आहे हे मान्य. पण मान स्त्रीलिंगी आहे, आणि ती हलल्याशिवाय हे संगीत पुरं होत नाही.

एक गाणं तासभर? कंटाळा येत नाही?

तानपुरा तासभर एकच गोष्ट सांगत असतो, त्याला कुणी कंटाळवाणा म्हणत नाही.

‘स्लीप’ नावाच्या तिघांच्या बँडने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मोठ्या कंपनीशी करार केला, आणि त्या करारावर एकच गाणं रेकॉर्ड केलं. कंपनीने ते आहे तसं बाजारात आणायला नकार दिला. बँड फुटला. १९९९मध्ये एक कापलेली आवृत्ती आली आणि २००३मध्ये ‘डोपस्मोकर’ या नावाने पूर्ण ६३ मिनिटांची. पहिल्यांदा ऐकताना मी घड्याळ बघत होते. विसाव्या मिनिटाला घड्याळ बघायचं विसरले. रिफ, म्हणजे परत परत वाजणारा गिटारचा तुकडा, तोच असतो, पण तुम्ही ‘आता पुढे काय’ हे विचारणं सोडून दिलेलं असतं.

डिलन कार्लसनने ‘ब्लॅक सॅबथ’चं टाकून दिलेलं जुनं नाव उचलून ‘अर्थ’ हा बँड काढला. त्यांच्या १९९३च्या अल्बममध्ये तीनच तुकडे आहेत आणि ड्रम जवळपास नाहीतच. त्यांच्या वाटेवरून पुढे ‘सन’ हा बँड आला, अ‍ॅम्पच्या एका जुन्या ब्रँडचं नाव घेऊन. हे लोक अंगावर झगे घालतात आणि रंगमंच धुराने भरून टाकतात, म्हणजे बघायला काहीच उरत नाही. मला हे फार आवडतं. बोटांकडे टक लावून बसणाऱ्यांची चांगलीच पंचाईत होते.

ज्यांना हे जमत नाही त्यांना मी बेला तारचा ‘द ट्युरिन हॉर्स’ बघायला लावते. २०११चा, १४६ मिनिटांचा, आणि त्यात शॉट फक्त तीसेक. बाप, मुलगी, घोडा, उकडलेले बटाटे आणि वारा. पहिला बटाटा खाताना तुम्ही अस्वस्थ होता. तिसऱ्या दिवशीचा बटाटा वेगळ्या कोनातून दिसतो, आणि लक्षात येतं की दरम्यान सगळं बदललंय. डूम आणि ड्रोन, म्हणजे हे संथ, लांबलचक प्रकार, ऐकायचे ते असे. (हा सिनेमा पाहून एक मैत्रीण माझ्याशी दोन महिने बोलली नव्हती. तेव्हा जपून.)

शब्द एकही कळत नाही. मग गायचं कशाला?

तो आवाज हे वाद्य आहे असं धरा. स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला आणखी दोन घड्या असतात, एरवी बोलताना त्या वापरात येत नाहीत. गुरगुरणारे गायक त्या कंप पावायला लावतात. शिकलेला माणूस हे वर्षानुवर्षं करू शकतो. न शिकता नुसतं ओरडणारा आठवड्याभरात घसा बसवून घेतो. ‘डेथ’ या बँडच्या चक शुल्डिनरला ऐका. १९८७मध्ये जो प्रेतांबद्दल गुरगुरत होता तोच दशकभरात माणसाच्या खोटेपणाबद्दल, न्यायाबद्दल लिहू लागला. २००१मध्ये मेंदूच्या गाठीने गेला तेव्हा तो फक्त ३४ वर्षांचा होता. त्याचे शब्द मात्र कागद हातात घेऊन वाचा, त्याने मेहनत घेतलेली आहे.

बाकीच्यांचे शब्द कळत नाहीत हे बहुतेकदा बरंच आहे.

हे लोक सैतानाला भजतात ना?

बहुतेक जण सोमवारी कामावर जातात.

पण चर्चेस जाळणारे, खून करणारेही यातच होते. त्यांचं कसं ऐकता?

या प्रश्नाला विनोदाने टोलवायचं नाही, असं मी ठरवलेलं आहे.

६ जून १९९२ रोजी नॉर्वेतलं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं. मग आणखी जळाली. १० ऑगस्ट १९९३ला ‘मेहेम’चा गिटारवादक युरोनिमस याचा खून झाला. खुनी होता ‘बुर्झुम’ हा एकट्याचा बँड चालवणारा व्हार्ग विकर्नेस. त्याला खून आणि जाळपोळ यांसाठी २१ वर्षांची शिक्षा झाली, नॉर्वेतली तेव्हाची कमाल. त्याची वांशिक मतंही त्याने कधी लपवलेली नाहीत. आणि वर मी जिची आरती ओवाळली त्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’चे निम्मे शब्द याच माणसाने लिहिलेले आहेत. रेकॉर्डच्या मागे ‘आर्य ब्लॅक मेटल’ अशा अर्थाची ओळही छापली होती (ब्लॅक मेटल म्हणजे या मंडळींचा प्रकार). बँडने पुढे त्यावरून माघार घेतली. तरी ती ओळ माझ्या कपाटात आहे, हे मला माहीत आहे.

माझा नियम साधा आणि बहुधा अपुरा आहे. असल्या माणसाच्या खिशात माझा पैसा जाऊ द्यायचा नाही, आणि त्याच्या दंतकथेत भर घालायची नाही. ‘बुर्झुम’चा १९९६चा अल्बम, हेडसेटच्या टाकाऊ मायक्रोफोनवर गायलेला, मी कधीकाळी खूप ऐकला आहे. आता लावत नाही. कुणाला तत्त्व वाटेल, पण खरं कारण एवढंच की मधेच तो माणूस आठवतो आणि गाणं विझतं. उद्या कुणी म्हणालं की मला नाही आठवत, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. ‘त्यामुळे तर ते जास्त खरं वाटतं’ असं म्हणणाऱ्याशी मात्र घालेन. खुनाने कुठलंही गाणं सुधारलेलं नाही. ‘बॅथरी’च्या क्वॉर्थनने १९८४पासून स्वीडनमध्ये हाच आवाज, कुणाला न मारता, तयार केला होता.

मग त्यावरचा ‘लॉर्ड्स ऑफ केऑस’ कसा आहे?

२०१८चा हा सिनेमा केला योनास ओकेरलुंडने, जो स्वतः ‘बॅथरी’च्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत ड्रम वाजवायचा. म्हणजे हा बाहेरून डोकावणारा माणूस नव्हे. पोरं किती पोरकट होती, हे त्याने नेमकं पकडलंय. चेहरा रंगवून दहशत बसवणारे हे वीर घरी आईवडिलांच्या पैशांवर होते, हे बघताना हसू येतं आणि ते यायलाच हवं. पण खून इतका तब्येतीत दाखवलाय आणि संगीत इतकं घाईघाईने, की बाहेर पडताना प्रश्न पडतो, ही मुलं एवढा वेळ खोलीत बसून करत काय होती? वाजवत होती. ते कुठे आहे?

मेटलवरचे बहुतेक सिनेमे इथेच आपटतात. केस, कातडी जॅकेट, दारू, भांडणं, मरण, सगळं दिसतं. ऐकणारा माणूस दिसत नाही.

तरी एखादा चांगला असेलच की?

आहेत. ‘धिस इज स्पायनल टॅप’ हा १९८४चा खोटा माहितीपट सगळ्यांना माहीत असतो. त्यातला अकरापर्यंत जाणारा अ‍ॅम्प आता म्हणीसारखा वापरतात. पण मला २००८चा ‘अ‍ॅन्व्हिल’ जास्त लागतो. तो खरा माहितीपट. कॅनडातला बँड, एकेकाळी मोठ्यांच्या बरोबरीने वाजवलेला, आणि आता पन्नाशीला आलेली माणसं दिवसा मिळेल ते काम करून संध्याकाळी सराव करतात. गंमत म्हणजे ‘स्पायनल टॅप’चा दिग्दर्शक रॉब राइनर आणि ‘अ‍ॅन्व्हिल’चा ड्रमर रॉब राइनर, नावं उच्चाराला सारखीच. लेखकाने हा योगायोग रचला असता तर संपादकाने कापला असता. त्या माहितीपटात रिकाम्या हॉलसमोर ‘अ‍ॅन्व्हिल’वाले ज्या जोमाने वाजवतात ते बघून मी रडले, आणि त्यांचं संगीत मला फारसं आवडतही नाही.

तिसरा ‘साउंड ऑफ मेटल’. ड्रमरचे कान जातात, एवढीच गोष्ट. आवाजासाठी त्याला ऑस्कर मिळालं ते अगदी योग्य होतं. हा सिनेमा तुम्हाला त्याच्या डोक्याच्या आत बसवतो. शेवटी शेवटी यंत्रातून परत आलेला आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा येतो. मी म्हटलं ना, खरा बिघाड ओळखू येतो.

भयपटांत मेटल वाजवलेलं चांगलं वाटतं का?

सहसा नाही. राक्षस आला की गिटार सुरू, हे म्हणजे जेवणावर ‘जेवण’ असं लिहिण्यासारखं आहे.

प्रवास उलट दिशेने झाला तर मजा येते. ‘लेफ्ट हँड पाथ’ या शीर्षकगीताच्या शेवटी ‘एन्टूम्ड’ने १९७९च्या ‘फॅन्टॅझम’ या भयपटाची धून गिटारवर घेतली आहे. करवत थांबते आणि एकदम ती उदास सुरावट उगवते. इतकी वर्षं झाली, अजून तिथे मान हलवायची थांबते मी. ‘सेल्टिक फ्रॉस्ट’च्या १९८५च्या अल्बमवर एच. आर. गिगरचं चित्र आहे, ‘एलियन’मधला प्राणी घडवणारा हाच.

थेट वापराचं चांगलं उदाहरण म्हणजे हार्मनी कोरिनचा १९९७चा ‘गमो’. त्यात ‘स्लीप’ आहे, ‘बॅथरी’ आहे, आणि ते भीती घालायला वाजत नाही. त्या उद्ध्वस्त गावात पोरांच्या खोल्यांतून तेच वाजत असणार, म्हणून वाजतं. २०१८च्या ‘मँडी’मध्ये योहान योहान्सनचं संगीत आणि ‘सन’च्या स्टीफन ओ’मॅलीची गिटार आहे. सिनेमाचा पहिला अर्धा भाग चिकट लाल स्वप्नासारखा सरकतो. दुसऱ्या अर्ध्या भागात बरंच काही कापलं जातं आणि माझं लक्ष उडतं.

खरं सांगायचं तर माझ्या यादीतले सर्वांत जड सिनेमे गिटारशिवायचे आहेत. लिंचच्या १९७७च्या ‘इरेझरहेड’मध्ये अ‍ॅलन स्प्लेटसोबत रचलेली ती कारखान्याची घरघर एक क्षण थांबत नाही. क्लिमोव्हच्या १९८५च्या ‘कम अँड सी’मध्ये बॉम्ब पडल्यावर त्या मुलाच्या कानांत दडे बसतात, आणि आपल्याही. पुढची कितीतरी मिनिटं जग काचेपलीकडून, शिट्टीतून ऐकू येतं. शिन्या त्सुकामोतोचा १९८९चा ‘तेत्सुओ’ तासाभराहून थोडा मोठा, कृष्णधवल. माणसाच्या अंगातून लोखंड उगवतं आणि चू इशिकावाचं संगीत घणाचे घाव घालत राहतं. तो बघून झाला की कुठलाही बँड अर्धा तास पिचका वाटतो.

याने मुलं बिघडत नाहीत का?

१९८४मध्ये ब्रिटनने व्हिडिओ कॅसेटवर कायदा केला. त्या सुमारास सरकारी वकिलांच्या यादीत घाणेरड्या ठरवलेल्या सिनेमांची एकूण संख्या ७२ झाली. १९८५मध्ये अमेरिकेत काही राजकारण्यांच्या बायकांनी पंधरा वाईट गाण्यांची यादी काढली, सिनेटमध्ये सुनावणीही झाली. त्या यादीत ‘व्हेनम’ आणि ‘मर्सिफुल फेट’ हे बँडही होते, ज्यांना तोवर फारसं कुणी ओळखतही नव्हतं. दोन्ही याद्या पुढे पोरांनी खरेदीच्या याद्या म्हणून वापरल्या. मीसुद्धा, बरीच नंतर.

कानांचं काय?

इथे मात्र मी अगदी आजीबाई होते. ८५ डेसिबल आठ तास, हे कामगारांच्या सुरक्षेसाठी नेहमी वापरलं जाणारं माप. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. छोट्या खोलीतला कार्यक्रम सहज त्याच्या पुढे जातो. कानात बोळे घाला. कापसाचे चालत नाहीत, चांगले घ्या, आवाज कमी होतो पण चिरडत नाही. माझ्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी कायमची राहायला आली आहे. रात्री दिवा घालवला की ती सुरू होते, किंवा सुरू असतेच, तेव्हा ऐकू येते एवढंच. त्या वयात बोळे घालणं मला भित्रेपणाचं वाटायचं. हा एक बिघाड मला नको होता.

सुरुवात कुठून करू?

१९७०पासून. नवं काही सुचवा म्हणू नका. ‘ब्लॅक सॅबथ’चे पहिले तीन अल्बम, मग ‘लेफ्ट हँड पाथ’, मग हिंमत असेल तर ‘डोपस्मोकर’. मधे ‘कम अँड सी’ बघा, पण त्याच दिवशी दुसरं काही ऐकू नका. आवडलं नाही तर सोडून द्या, मला कळवायची गरज नाही.

आवाज जरा कमी कराल का?

करते. हे एवढं गाणं संपू दे. आत्ताच लावलंय, ६३ मिनिटांचं आहे.